जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, कॅमेरा आणि कुंकू (नागपूर)

खसताटी | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आयटी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. गेलं वर्षभर आमच्याकडे एकच काम आहे. घरोघरी स्मार्ट मीटर बसवणारी पोरं मोबाइलवर जे फोटो काढतात, ते यंत्राने तपासायचे. कंपनीचं आणि कंत्राटदाराचं नाव विचारू नका, सांगणार नाही. स्मार्ट मीटर चांगलं की वाईट, प्रीपेड की पोस्टपेड, यावर इथे दोन धागे शतकी होऊन गेलेत, तो न संपणारा वाद परत नको. मला बोलायचंय ते मीटर बदलण्याच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. केंद्राने २०२१ मध्ये आरडीएसएस ही वीज वितरण सुधारण्याची योजना आणली, त्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं लक्ष्य ठेवलं. या योजनेत मीटरचा खर्च आधी कंत्राटदार करतो आणि मग त्याला दर मीटरमागे दर महिन्याला पैसे मिळत जातात. त्यामुळे मीटर बसलं, नीट बसलं आणि बरोबर ग्राहकाच्या नावावर बसलं याचा पुरावा लागतो. हा पुरावा म्हणजे फोटो. आमच्या ॲपमध्ये एका घरामागे सात: जुनं मीटर, त्याचा आकडा, जुनं सील, उघड्या टर्मिनलमधल्या वायरी, नवीन मीटर, नवीन सील, घराचा दर्शनी भाग.

पूर्वी हे फोटो ऑफिसात बसून माणसं बघायची. पंधरा दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात यायचं की अमक्या घरच्या फोटोत आकडाच दिसत नाही. तोवर जुनं मीटर गोदामातल्या पोत्यात आणि पोरगा दुसऱ्याच वस्तीत. शिडी भिंतीला टेकलेली आहे तोवर चूक सापडली तर दोन मिनिटांचं काम. शिडी उचलली की त्या चुकीची तक्रार होते, मग हेलपाटे. म्हणून फोटो बघणारा मेंदू ऑफिसातून उचलून त्या पोराच्या फोनमध्ये ठेवायचा, एवढाच आमचा खटाटोप.

नवीन मीटर सोपं. बारकोड असतो, नंबर छापील असतो, काच स्वच्छ असते. सील लागलं का, टर्मिनलचं झाकण बसलं का, वायरीचं उघडं तांबं बाहेर डोकावतं का, हे ओळखायला योलो जातीचं, म्हणजे फोटोतल्या वस्तू हुडकणारं, एक मॉडेल आहे. ते हलकं करून चार जीबी रॅमच्या साध्या फोनवर बसवलं. इंटरनेट लागत नाही, कारण महाल भागातल्या वाड्याच्या जिन्याखाली रेंज कुठून येणार?

घोळ आहे तो जुन्या मीटरचा. चाकाचं मीटर असेल तर आकडे ड्रमवर फिरतात आणि नेमके अर्ध्यात अडकलेले असतात, ७ अर्धा वर गेलेला आणि ८ खालून डोकं काढतोय. बऱ्याच मीटरांत शेवटचा लाल आकडा दशांशाचा असतो, तो धरायचा नसतो. इलेक्ट्रॉनिक मीटर असेल तर डिस्प्ले एका जागी थांबत नाही. आधी तारीख, मग वेळ, मग व्होल्टेज, मग कमाल मागणी आणि मध्येच कधीतरी युनिटं. घाईत भलत्याच पानाचा फोटो निघतो. काही मीटर मधे सगळे भाग पेटवून दाखवतात, डिस्प्ले ठीक आहे हे कळावं म्हणून. एका पोराने नेमका तोच फोटो काढला आणि वाचन लिहिलं: ८८८८८८. खोटं बोलला नाही बिचारा. जे दिसलं ते लिहिलं.

जुना डिस्प्ले फिका पडला की आणखी मजा. सात दांड्यांच्या आकड्यातली एक दांडी मेली की ८ चा ६ होतो, ९ होतो नाहीतर शून्य होतो, कोणती दांडी मेली त्यावर. वरची डावी दांडी गेली की ९ चा ३. हे माणसालाही फसवतं आणि यंत्रालाही. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरांचा डिस्प्ले वायर काढली की अंधारतो, म्हणजे आकडा टिपायचा तो मीटर जिवंत असतानाच. नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही.

आणि कुंकू! दसऱ्याला आपल्याकडे मीटरचीही पूजा होते हे मला माहीत होतं, पण माझ्या मॉडेलला माहीत नव्हतं. इतवारीतल्या एका घरचा फोटो आला. काचेवर हळदीचं बोट, त्यावर कुंकू, कडेला वाळलेल्या झेंडूची पाकळी चिकटलेली. कुंकवाचा ओघळ बरोबर पहिल्या आकड्यावरून उतरलेला. मॉडेलने ०३११८ चं १३११८ वाचलं. इंटरनेटवर मीटरच्या फोटोंचे जे तयार संच मिळतात, त्यांतल्या एकाही मीटरला कोणी कुंकू लावलेलं नाही. शेवटी आमच्याच वस्त्यांतले फोटो गोळा करून, एकेक आकडा हाताने लिहून मॉडेलला परत शिकवलं. पालीची विष्ठा, कोळ्याचं जाळं, कूलरच्या पाण्याचे पांढरे डाग, सगळं आता त्याच्या अभ्यासक्रमात आहे.

तर प्रश्न असे. तुमच्याकडे मीटर बदललं तेव्हा घरी कोणी होतं का? जुन्या मीटरचा शेवटचा आकडा तुम्हाला कोणी दाखवला का? आणि इथे कोणी प्रत्यक्ष मीटर बसवणारा असेल तर आमच्यासारख्यांच्या ॲपला तो मनात काय शिव्या देतो, तेही कळू द्या.

कुंपणावरचा | शनिवार, रात्री १०.३५

०३११८ चं १३११८! देवाला वाहिलेलं कुंकू दहा हजार युनिटला पडलं असतं की. वाचतोय.

मंजिरी_ध | शनिवार, रात्री ११.०४

चांगला धागा. दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

माझं माहेर मानेवाड्याला. आई एकटीच असते. मीटर बदलायला दोघं आले, तिने पाणी दिलं, ते अर्ध्या तासात गेले. पुढच्या महिन्याचं बिल बघून तिला घामच फुटला. आदल्या महिन्याच्या बिलावर आकडा होता १३३९० आणि मीटर काढताना नोंदवलेला आकडा १८४६२. म्हणजे एकट्या बाईने एका महिन्यात ५०७२ युनिट जाळले!

वाचलो ते निव्वळ नशिबाने. माझा भाऊ आदल्या रविवारी तिथे होता आणि मीटरखालच्या प्लगला चार्जर लावताना भाचीचा फोटो काढला होता. तिच्या डोक्यामागे मीटर, त्यावर १३४५९. त्या फोटोवर सगळं सुटलं. खरा आकडा १३४६२ होता, कोणीतरी ३ च्या जागी ८ दाबला. पण सुटायला दोन महिने आणि पाच खेपा. ऑफिसातला माणूस पहिल्या खेपेला म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये फोटो आहे." फोटो उघडला तर त्यात फ्लॅशचा पांढरा गोळा.

आकडा दाखवला का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. आईची एका कागदावर सही घेतली. चष्मा आत होता.

शून्य_मैल | रविवार, सकाळी ७.२०

मी वीज खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मंजिरीताईंचा अनुभव नवा नाही. मीटर यांत्रिक होती तेव्हाही बदलीच्या अहवालात आकडे चुकत होतेच. फरक इतकाच की तेव्हा मीटरजवळ पुठ्ठ्याचं एक कार्ड टांगलेलं असे. रीडिंग घेणारा त्यावर पेनाने आकडा आणि तारीख लिहून सही करी. घरातल्या माणसाला आपला आकडा पाठ असे. कार्ड गेलं आणि आकडा घरातून निघून कॉम्प्युटरात गेला.

खसताटी, तुमचा फोटो यंत्र बघणार, कंत्राटदार बघणार, कंपनी बघणार. ज्याच्या घरचं मीटर आहे तो कधी बघणार? त्याच्या मोबाइलवर तो फोटो आणि वाचलेला आकडा त्याच क्षणी गेला, तर तुमच्या मॉडेलपेक्षा मोठा तपासनीस तुम्हाला फुकट मिळेल.

ताईंसाठी माहिती: ग्राहक हक्क नियमांमध्ये २०२४ साली दुरुस्ती झाली आहे. मीटर चुकीचं चालतं अशी तक्रार केल्यास ती मिळाल्यापासून पाच दिवसांत वितरण कंपनीने दुसरं मीटर जोडून द्यायचं आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तुमच्या आईच्या प्रकरणात मीटरचा दोष नव्हता म्हणा, नोंदीचा होता. पण पुढे कोणाच्या कामी येईल.

खसताटी | रविवार, सकाळी ९.४८

काका, कार्डाची कल्पना थेट उचलतोय.

मंजिरीताई, फ्लॅशचा गोळा हा आमचा शत्रू क्रमांक एक. आता फोटो काढताक्षणी ॲप बघतं की आकड्यांच्या चौकटीत पांढरा डाग आहे का, फोटो हलला का. दोन्ही तपासण्यांना फार अक्कल लागत नाही. हललेल्या फोटोत कडा बोथट होतात, ते साध्या गणितानेही कळतं. आणि तुमच्याकडचा ३-८ चा प्रकार आम्ही असा धरतो: पोरगा आकडा टाइप करतो, यंत्र फोटोतून वाचतं आणि दोघं एकमेकांचं उत्तर न बघता लिहितात. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर परत फोटो.

रोहिणी_नक्षत्र | रविवार, सकाळी ११.३०

मी एम.टेक. करतेय, याच्या जवळपासचा विषय आहे. दोन शंका.

एक, अचूकता कशी मोजता? लोक "९९ टक्के" म्हणून मोकळे होतात, पण ते एका आकड्याचं असतं. सहा आकडी वाचनातला प्रत्येक आकडा ९९ टक्के वेळा बरोबर असेल, तर सगळे सहा बरोबर येण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या आसपास उरते. शंभर घरांत सहा घरं चुकीची. एक लाख मीटरांत जवळपास सहा हजार मंजिरीताईंच्या आई.

दोन, आदल्या महिन्याचं वाचन तुमच्याकडे असेलच. मग मॉडेलला ते आधीच का सांगत नाही? १३३९० नंतर १८४६२ कसं येईल, हे त्याला लगेच कळेल.

खसताटी | रविवार, दुपारी १२.१५

पहिल्या शंकेला साष्टांग नमस्कार. आमच्या पहिल्या सादरीकरणात मीही तेच ९९ लिहिलं होतं. पूर्ण वाचन बरोबर की चूक, एवढंच मोजायचं, हे नंतर शिकलो. दशांश चिन्हही त्यातच आलं. ४८७६.३ चा टिंब यंत्राला दिसला नाही तर वाचन होतं ४८७६३. एका टिंबाचे ४३,८८७ युनिट.

दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे. आधीचं वाचन ताडून बघतो, पण मॉडेलने वाचल्यानंतर. आधी सांगितलं तर ते नीट न दिसणारा आकडा आपल्या सोयीने "बरोबर" करून टाकतं. त्यात आधीचं वाचन खरं असतंच असंही नाही. घर बंद म्हणून सहा-सहा महिने सरासरी बिल गेलेलं असतं. अशा घरी खरा आकडा अपेक्षेपेक्षा खूप वेगळाच येणार, आणि नेमका तोच टिपायला हवा. अपेक्षित आकडा फोनच्या पडद्यावर दाखवायची तर सक्त मनाई आहे. दाखवला की पोरगा मीटरकडे न बघता तोच टाइप करतो. सुरुवातीला आम्ही दाखवायचो. सगळी वाचनं कशी छान जुळायची!

वायफळ | रविवार, दुपारी १.०२

मला एक कळत नाही. मीटर एवढं स्मार्ट आहे तर फोटो कशाला? फेज-न्यूट्रल उलट जोडलं, झाकण उघडलं, चुंबक लावलं, सगळ्याची नोंद मीटर स्वतःच करून पाठवतं. दर अर्ध्या तासाचा वापरही पाठवतं. कॅमेऱ्याचं हे थोतांड म्हणजे घोड्यापुढे दिवा धरून घोड्याला रस्ता दाखवणं.

शून्य_मैल | रविवार, दुपारी ४.४०

वायफळ, नवीन मीटरबद्दल तुम्ही म्हणता ते बव्हंशी खरं. पण जुनं मीटर मुकं आहे. त्याच्या वतीने बोलायला तो शेवटचा फोटो सोडून कोणी नाही.

आणि उलट बाजूही सांगतो, नाहीतर खसताटी हवेत जातील. कॅमेऱ्याला स्क्रू किती आवळला ते दिसत नाही. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची असेल तर ते दाबाखाली हळूहळू पसरतं, आज घट्ट वाटलेला स्क्रू सहा महिन्यांनी ढिला होतो, तिथे ठिणगी, तिथे उष्णता, मग टर्मिनल जळतं. फोटोत वायर टर्मिनलमध्ये व्यवस्थित बसलेली दिसेल, यंत्र हिरवी खूण देईल आणि मे महिन्यात दोन कूलर आणि एक एसी चालू झाला की प्लास्टिक वितळल्याचा वास येईल. आमच्या वेळचा जुना लाइनमन स्क्रू आवळून झाला की वायर ओढून बघायचा. त्या ओढीचा फोटो निघत नाही.

उमरेडकर | रविवार, रात्री ९.१५

भाऊ, मी थो फोटो काढनारा मानूस. तुम्ही विचारलं मनून लिवतो, लिवन्यात चुका झाल्या तं सांभाळून घेजा.

काका बोलले ते सोळा आने. वायर ओढून पाहाच लागते.

आता ॲपचं आयका. मे महिन्यात दुपारी दीड वाजता गच्चीच्या जिन्यावर शिडी लावून उभा हाय. एका हातात पकड, एका हातात फोन. उनात पडदा दिसत नाही. फोन एवढा तापते का कॅमेरा आपोआप बंद पडते. वरून तुमचं ॲप मनते "फोटो अमान्य". काऊन अमान्य? थे सांगत नाही. परत काढा, परत अमान्य. घरवाले खाली बोंबलून राहिले का लाइन कधी येनार, लेकरू रडून राहिलं. आमाले मीटरमागं पैसे भेटते, तासावर नाही. एका घरी चार डाव अमान्य झालं तं दिवसाचे दोन मीटर गेले समजा.

मंग पोट्टे काय करते? वायरीचा एक फोटो पास झाला का थो जपून ठेवते. दुसऱ्या घरी तोच लावते. ॲपनं गॅलरीतून फोटो घेनं बंद केलं तं दुसऱ्याच्या फोनवर थो फोटो उघडून त्याचाच फोटो काढते. मी नाही केलं असं मननार नाही. केलं हाय, दोन-तीन डाव. पन आकड्याचा नाही केला, वायरीचा केला. आकड्याचा खोटा फोटो म्हंजे कोनाच्या तरी घरी खोटं बिल, थे पाप नाही घेत.

खसताटी | रविवार, रात्री ९.५२

दादा, तुमचा हा प्रतिसाद आमच्या अख्ख्या टीमला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

खरं सांगायचं तर फोटोचा फोटो आम्ही पकडतो. पडद्यावरून काढलेल्या फोटोत बारीक लाटांसारखी जाळी उमटते, ती यंत्राला चटकन दिसते. एकच फोटो दोन घरी लावला तर त्याचा ठसा जुळतो, थोडा कापला किंवा उजळ केला तरी. असे सापडले की आम्ही त्या नावांपुढे लाल खूण करायचो आणि यादी वर पाठवायचो. पोरं असं का करताहेत हे आम्ही एकदाही विचारलं नाही. ॲप चार वेळा कारण न सांगता नाकारतं, हे आमच्याच अहवालात होतं. पण ते "गुणवत्ता वाढली" या सदराखाली.

मंजिरी_ध | रविवार, रात्री १०.२०

उमरेडकर दादा, तुमच्यावर रागवायचं ठरवून आले होते. जमलं नाही.

एक विचारू? तुम्ही फोटो काढता तेव्हा माझ्या आईचा चेहरा, मागचं घर, देवघर, सगळं येतं. ते कुठे जातं?

खसताटी | रविवार, रात्री १०.४१

चेहरा आला तर तो फोनवरच पुसट करतो आणि मग फोटो पुढे जातो. मीटरच्या चौकटीबाहेरचं कापूनही टाकतो. फक्त घराच्या दर्शनी भागाचा फोटो अख्खा जातो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर याबाबत जरा जाग आली आहे. आधी कोणी विचारत नव्हतं.

रोहिणी_नक्षत्र | सोमवार, सकाळी ८.०५

अपार्टमेंटचं काय करता? आमच्या त्रिमूर्तीनगरच्या इमारतीत जिन्याखाली बारा मीटर ओळीने आहेत. माझ्या मीटरची वायर खरंच माझ्याच फ्लॅटला जाते की शेजारच्यांच्या, हे फोटोत कसं दिसणार? वायरी सगळ्या एकाच पाइपात जातात.

शून्य_मैल | सोमवार, सकाळी ८.५०

दिसत नाही. पण तपासायची जुनी युक्ती आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला छापलेलं असतं, एका युनिटला ३२०० वेळा किंवा १६०० वेळा, मीटरप्रमाणे. घरातलं सगळं बंद करा, फक्त एक हजार वॅटची इस्त्री लावा. ३२०० चं मीटर असेल तर इस्त्री तापत असताना साधारण सेकंदाहून किंचित जास्त वेळाने, अगदी नेमकं सांगायचं तर दर १.१२५ सेकंदाला, एक लुकलुक. इस्त्री बंद केली की लुकलुक थांबली पाहिजे. नाही थांबली किंवा शेजारच्या मीटरवर थांबली, तर वायरी अदलाबदल.

रोहिणी_नक्षत्र | सोमवार, सकाळी ९.१०

काका!! हे तर व्हिडिओवरून मोजता येईल. तीस सेकंदांचा व्हिडिओ, बारा मीटर एकाच चौकटीत, प्रत्येक दिव्याची लुकलुक वेगळी मोजायची. फ्लॅटचा मेन स्विच बंद केला की कोणता दिवा थांबला ते यंत्रच सांगेल. माझ्या प्रबंधाचा विषय बदलायची पाळी आणलीत.

वायफळ | सोमवार, सकाळी ९.३३

बरं, हे मात्र आवडलं. अवांतर: दिवसा वीज स्वस्त म्हणतात ते या मीटरमुळेच ना?

शून्य_मैल | सोमवार, सकाळी १०.००

होय. कोणत्या तासाला किती वापर झाला हे मीटर सांगतं, म्हणून जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला सवलत लागू झाली. अवांतर संपवा.

कुंपणावरचा | सोमवार, दुपारी २.१५

एक निरीक्षण. आमच्या नंदनवनात ज्यांची मीटर मार्चमध्ये बदलली ते सगळे "नवीन मीटर पळतं" म्हणून ओरडताहेत. ज्यांची दिवाळीनंतर बदलली ते गप्प. मार्चात मीटर बदललं, एप्रिलात कूलर उतरवला, मे महिन्याच्या बिलाला बोंब. माझ्या आधीच्या तीन उन्हाळ्यांची बिलं काढून बघितली, मे दरवर्षीच तिप्पट. अर्थात मंजिरीताईंसारखी खरी चूक असेल तर तीही याच गलक्यात दबून जाते. आमचं अजून बदललेलं नाही, माळ्यावर कूलरच्या मागे आहे बिचारं.

खसताटी | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ११.०५

धागा वर काढतोय.

या चर्चेतून तीन बदल झाले. एक, ॲप आता "फोटो अमान्य" म्हणत नाही. "आकड्यावर चमक आहे, हाताची सावली धरा", "हे तारखेचं पान आहे, बटण दाबून युनिटचं पान आणा", "काच पुसा" असं मराठीत सांगतं, मोठ्या अक्षरांत आणि आवाजातही, कारण उन्हात पडदा दिसत नाही. दोन, दोनदा नाकारलं की तिसऱ्यांदा अडवत नाही. फोटो जातो, माणूस त्याच दिवशी बघतो आणि पोराचा पुढचा मार्ग मोकळा. आकड्याचा फोटो मात्र याला अपवाद, तिथे जुळल्याशिवाय वायर काढायची परवानगीच मिळत नाही. तीन, लाल यादी बंद केली. म्हणजे मी पाठवणं बंद केलं, अजून कोणी मागितलेली नाही.

शून्य_मैल काकांचं कार्ड, म्हणजे घरच्या माणसाला तिथल्या तिथे फोटो आणि आकड्याचा मेसेज, हे करून तयार आहे. चालू करायला परवानगी लागते. फाइल वर गेली आहे. "ग्राहकाला आत्ताच फोटो दिला तर तो आत्ताच वाद घालेल" असा शेरा येऊन ती एकदा परत आली होती. मी खाली लिहिलं, "आत्ताच घालू द्या, शिडी तिथेच आहे", आणि पुन्हा पाठवली.

तोवर आपापल्या मीटरचा फोटो आपणच काढून ठेवा. युनिटचं पान येईपर्यंत थांबून.

मंजिरी_ध | शुक्रवार, रात्री ११.२८

आईने डायरीत लिहायला सुरुवात केली आहे. दर एक तारखेला, दुधाच्या हिशेबाखाली.

उमरेडकर | शनिवार, सकाळी ६.५५

नवीन ॲप काल भेटलं. "हाताची सावली धरा" मनून बाईचा आवाज येते, घरवाले हासते. पन पहिल्याच डावात पास झालं, दिवसभरात एकच डाव अडकलं. थेही कुंकवानं नाही, पिंपळाच्या सावलीनं.

आज नंदनवनात हावो. कुंपणावरचे भाऊ, तुमची लाइन मंग दुपारून. थो कूलर तेवढा बाजूले सरकवून ठेवजा.